काटा नेमके काय मोजतो?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यात काटामारीची, म्हणजे काट्यावर वजन कमी दाखवण्याची, चर्चा हटकून सुरू होते. उसाचे माप चोख व्हावे ही शेतकऱ्याची मागणी रास्तच आहे. मात्र इलेक्ट्रॉनिक वजनकाटा उसाचे वस्तुमान थेट मोजत नाही, तो केवळ बल मोजतो, ही मूळ गोष्ट त्या चर्चेत राहून जाते.

वस्तुमान म्हणजे पदार्थातील द्रव्यसंचय. तो जागेनुसार बदलत नाही आणि किलोग्रॅममध्ये सांगितला जातो. त्या द्रव्याला पृथ्वी ज्या बलाने ओढते ते वजन, आणि त्याचे एकक न्यूटन. जुन्या तराजूच्या दोन्ही पारड्यांवर गुरुत्वाकर्षण सारखेच असल्याने त्याचा परिणाम आपोआप वगळला जातो, म्हणून तराजू चंद्रावरही तेच वस्तुमान दाखवील. इलेक्ट्रॉनिक काट्याला ही सोय नाही.

ट्रॉली काट्यावर चढते तेव्हा तिचा भार खालच्या लोडसेल नावाच्या पोलादी ठोकळ्यांवर येतो. हे पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतके, पण निश्चित प्रमाणात, वाकते. त्याला नागमोडी वळणांच्या धातूच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पट्टी ताणली गेली की ती लांब आणि बारीक होते व तिचा विद्युत रोध वाढतो. दाबली गेली की तो घटतो. अशा चार पट्ट्या व्हीटस्टन सेतूत, म्हणजे रोधांचा तोल साधणाऱ्या विद्युत मंडलात, जोडतात, दोन ताणल्या जाणाऱ्या आणि दोन दाबल्या जाणाऱ्या. उन्हाने पोलाद तापले तर चौघींचा रोध सारखाच बदलतो आणि सेतूचा तोल ढळत नाही. भार आला तरच तो ढळतो. त्यातून मिळणारे विभवांतर (व्होल्टेज) अवघे काही मिलिव्होल्ट असते. त्यावरून बल कळते, आणि त्या बलाला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो त्या आकड्याने, भागून पडद्यावर किलोग्रॅमचा आकडा उमटतो.

हे त्वरण सर्वत्र सारखे नसते. दिल्लीत ते सुमारे ९.७९१, तर विषुववृत्ताला अधिक जवळ आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असलेल्या कोल्हापुरात सुमारे ९.७८३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच इथे आणला तर १० टन उसामागे सुमारे ८ किलो कमी दाखवील. म्हणूनच काट्याची पडताळणी तो बसवलेल्या जागीच, प्रमाणित वजने ठेवून करणे आवश्यक ठरते.

सूर्यग्रहणात गुरुत्वाकर्षण बदलते म्हणून परातीत मुसळ उभे राहते, असे आजही सांगितले जाते. सूर्य आणि चंद्र यांच्या एकत्रित ओढीने एक किलोच्या वस्तूच्या वजनात पडणारा फरक मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाहूनही कमी असतो, आणि तो दर अमावास्येला जवळपास तेवढाच असतो. बूड सपाट असेल तर मुसळ कोणत्याही दिवशी उभे राहते.

एककांच्या रूपांतरातही अशीच काळजी हवी. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आज तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, पण मेट्रिक पद्धतीपूर्वीचा तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. त्या काळच्या यादीत ५ तोळ्यांचा कोल्हापुरी साज नोंदलेला असेल, तर तो आजच्या काट्यावर ५० नव्हे, सुमारे ५८.३ ग्रॅम भरायला हवा; झिजेमुळे होणारी थोडी घट तेवढी त्यातून वजा करावी.