मँचेस्टर सिटीचे गोलरक्षक

मँचेस्टर सिटी हा इंग्लंडमधील मँचेस्टर शहरातील व्यावसायिक फुटबॉल संघ. वेस्ट गॉर्टन येथील सेंट मार्क चर्चशी संबंधित मंडळींनी १८८० मध्ये तो सुरू केला. १८८७ मध्ये त्याचे नाव आर्डविक झाले आणि १८९४ पासून तो आजच्या नावाने खेळू लागला. या संघाच्या इतिहासात गोलरक्षकांना असाधारण महत्त्व आहे. फ्रँक स्विफ्ट, बर्ट ट्राउटमान, जो कॉरिगन, जो हार्ट आणि एडरसन या पाच जणांच्या कारकिर्दींनी क्लबच्या इतिहासाचा मोठा काळ व्यापला आहे. शिवाय, गोलजाळ्यासमोरचा हा खेळाडू संघाच्या चढाईची पहिली पायरी असू शकतो, हा विचार येथे वेगवेगळ्या काळांत पुन्हा पुन्हा प्रत्यक्षात आलेला दिसतो.

प्रारंभीच्या काळात गोलरक्षकाला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताळण्याची मुभा होती. ती १९१२ मध्ये पेनल्टी क्षेत्रापुरती, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीपुरती, मर्यादित झाली. त्याआधीचे सिटीचे गोलरक्षक चार्ली विल्यम्स यांनी १४ एप्रिल १९०० रोजी संडरलंडच्या मैदानावर आपल्या गोलजवळून मारलेला चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांच्या जाळ्यात गेला. चालू खेळात गोल करणारे इंग्लिश फुटबॉल लीगमधील पहिले गोलरक्षक म्हणून त्यांची नोंद आहे. सामना मात्र सिटीने गमावला. १९०४ मध्ये बोल्टन वाँडरर्सचा १–० असा पराभव करून संघाने पहिल्यांदा एफए कप ही इंग्लंडमधील बाद फेरीची स्पर्धा जिंकली, तेव्हा जॅक हिलमन गोलरक्षक होते.

फ्रँक स्विफ्ट यांच्यापासून या परंपरेला खऱ्या अर्थाने सुरुवात होते. ब्लॅकपूल येथे १९१३ मध्ये जन्मलेले स्विफ्ट १९३३ च्या नाताळात प्रथमच सिटीच्या मुख्य संघातून खेळले आणि चारच महिन्यांनी, वयाच्या विसाव्या वर्षी, वेम्बली येथे एफए कपच्या अंतिम सामन्यात पोर्ट्समथविरुद्ध उभे राहिले. पावसाने मैदान ओले होते. हातमोजे न घालता खेळणाऱ्या स्विफ्ट यांना पूर्वार्धात एक गोल स्वीकारावा लागला आणि त्याचा दोष ते स्वतःलाच देत राहिले. उत्तरार्धात फ्रेड टिल्सन यांनी दोन गोल करून सामना फिरवला. शेवटची मिनिटे गोलजाळ्यामागे बसलेले छायाचित्रकार स्विफ्ट यांना मोजून सांगत होते आणि पंचांची अखेरची शिट्टी वाजताच तो ताण असह्य होऊन स्विफ्ट मैदानावरच बेशुद्ध पडले. राजे पाचवे जॉर्ज यांनी त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली.

हा प्रसंग त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखनात येतो, पण त्यांचे मोठेपण त्यात नाही. चेंडू हाती आला की तो लाथेने शक्य तितका लांब भिरकावून द्यायचा, अशी त्या काळच्या इंग्लिश गोलरक्षकांची रीत होती. लांब पल्ल्याच्या अशा चेंडूवर ताबा कोणाचा, हे बहुधा नशिबावर सोपवलेले असे. स्विफ्ट यांचे पंजे अवाढव्य होते. चेंडू एका हातात धरून ते तो मोकळ्या सहकाऱ्याकडे नेमका फेकत आणि संघाच्या ताब्यातील चेंडू ताब्यातच ठेवत. इंग्लिश फुटबॉलमध्ये ही पद्धत रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. १९३६–३७ मध्ये सिटीने पहिले लीग विजेतेपद मिळवले, त्या हंगामात ते सर्व ४२ सामने खेळले. ऐन उमेदीची वर्षे महायुद्धात गेली, तरी युद्धानंतर ते इंग्लंडचे प्रथम पसंतीचे गोलरक्षक होते आणि १९४८ मध्ये तुरीन येथे इटलीविरुद्ध त्यांनी राष्ट्रीय संघाचे नेतृत्वही केले. निवृत्तीनंतर त्यांनी क्रीडा पत्रकारिता पत्करली. बेलग्रेडहून परतणाऱ्या मँचेस्टर युनायटेड संघाच्या विमानाला ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे झालेल्या अपघातात स्विफ्ट यांचा मृत्यू झाला.

स्विफ्ट यांची जागा घेणारे बर्ट ट्राउटमान १९२३ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथे जन्मले. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मन छत्रीधारी सैनिक म्हणून पूर्व आघाडीवर लढले. पुढे ब्रिटिशांच्या हाती सापडून ते लँकशायरमधील ॲश्टन-इन-मेकरफील्ड येथील युद्धकैद्यांच्या छावणीत आले. सुटकेनंतर मायदेशी न जाता ते सेंट हेलेन्स टाउन या छोट्या संघाकडून खेळू लागले. ऑक्टोबर १९४९ मध्ये सिटीने त्यांना करारबद्ध केले, तेव्हा शहरात संतापाची लाट उसळली. निषेधाच्या मोर्चात सुमारे वीस हजार लोक सामील झाल्याचे सांगितले जाते. नॉर्मंडीत लढलेले संघनायक एरिक वेस्टवूड यांनी खेळाडूंच्या खोलीत युद्धाला जागा नाही, असे सांगून त्यांचे स्वागत केले. मँचेस्टरच्या ज्यू समाजाचे धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमान स्वतः नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले होते आणि त्यांच्या आईवडिलांचा त्या संहारात बळी गेला होता. एका व्यक्तीला संपूर्ण राष्ट्राच्या अपराधाची शिक्षा देऊ नये, असे त्यांनी वृत्तपत्रातील जाहीर पत्रातून आवाहन केले आणि विरोधाची धार हळूहळू ओसरली. क्लबच्या इतिहासात या पत्राचे मोल एखाद्या विजेतेपदापेक्षा कमी मानता येणार नाही.

ट्राउटमान लहानपणी हँडबॉल खेळले होते आणि त्यांची फेक लांब व अचूक होती. व्यवस्थापक लेस मॅकडॉवल यांच्या काळात सिटीने डॉन रेव्ही यांना पारंपरिक आघाडीवीराच्या जागेवरून मागे आणून खेळवण्याची जी योजना आखली, तिच्यात या फेकीचा पुरेपूर उपयोग झाला. कारण मैदानाच्या मध्यावर मोकळ्या असलेल्या रेव्ही यांच्यापर्यंत चेंडू पोहोचवण्याचे काम बऱ्याचदा गोलरक्षकापासूनच सुरू होई. १९५५ चा अंतिम सामना सिटीने न्यूकॅसलविरुद्ध गमावला. पुढच्या वर्षी, ५ मे १९५६ रोजी, बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध संघ ३–१ असा पुढे असताना आणि सुमारे सतरा मिनिटे उरली असताना, पीटर मर्फी यांच्या पायाशी झेप घेताना ट्राउटमान यांच्या मानेवर जबर आघात झाला. त्या काळी बदली खेळाडूची तरतूद नव्हती. धड उभे राहता येत नसतानाही ते गोलजाळ्यासमोर थांबले, आणखी चेंडू अडवले आणि संघाने कप जिंकला. मान मोडली असल्याचे काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत उघड झाले: दुसरा मणका दुभंगला होता आणि तिसरा त्याला आधारासारखा चिकटून बसल्यामुळेच त्यांचा जीव वाचला होता. त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा फुटबॉल लेखकांचा पुरस्कार त्यांना मिळाला; तो मिळवणारे ते पहिले गोलरक्षक होत. १९६४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते सिटीसाठी ५४५ सामने खेळले. जर्मनीच्या राष्ट्रीय संघात त्यांना कधीच स्थान मिळाले नाही, कारण परदेशात खेळणाऱ्यांची निवड तेव्हा होत नसे. २०१३ मध्ये त्यांचे स्पेनमध्ये निधन झाले.

त्यांच्यानंतरचे हॅरी डाउड हे व्यवसायाने प्लंबर होते. फेब्रुवारी १९६४ मध्ये बरीविरुद्ध बोट मोडल्यावर त्यांना आघाडीला पाठवण्यात आले आणि त्यांनी बरोबरीचा गोल केला. १९६७–६८ च्या लीग विजेतेपदाच्या वेळी गोलरक्षणाची मुख्य जबाबदारी केन मलहर्न यांच्याकडे होती, तर १९६९ च्या एफए कप विजयात डाउड खेळले.

जो कॉरिगन यांची कारकीर्द चिकाटीची होती. मार्च १९७० मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध चेंडू पुढे मारून ते पाठमोरे गोलकडे परतत असताना रॉनी बॉइस यांनी तोच चेंडू मैदानाच्या मध्याजवळून थेट जाळ्यात धाडला. असा गोल एखाद्या तरुण खेळाडूला कायमचा खचवू शकला असता. पण पुढच्याच महिन्यात व्हिएन्ना येथे गुर्निक झाब्जे या पोलिश संघाला २–१ असे हरवून सिटीने युरोपियन कप विनर्स कप जिंकला, तेव्हा गोलरक्षक कॉरिगनच होते. १९७३ मध्ये मदरवेलहून कीथ मॅक्रे यांना आणून क्लबने त्यांना बाजूला केले. मॅक्रे जखमी झाल्यावर कॉरिगन परतले आणि मग १९८३ पर्यंत त्यांनी ती जागा राखली. १९८१ च्या एफए कप अंतिम लढतीत टॉटनहॅमविरुद्ध संघ हरला, तरी त्यांच्या खेळाचा गौरव झाला. रे क्लेमन्स आणि पीटर शिल्टन या इंग्लंडच्या नामवंत गोलरक्षकांच्या काळात जन्मल्यामुळे इंग्लंडकडून त्यांना केवळ नऊ सामने मिळाले, हे त्यांच्या गुणवत्तेच्या मानाने फारच थोडे होते. त्यांच्यानंतर आलेले ॲलेक्स विल्यम्स हे इंग्लिश फुटबॉलमधील सुरुवातीच्या कृष्णवर्णीय गोलरक्षकांपैकी एक. प्रेक्षकांच्या वांशिक शिवीगाळीला तोंड देत ते खेळले. पाठीच्या दुखापतीने कारकीर्द संपल्यावर त्यांनी क्लबच्या सामाजिक कार्यात अनेक दशके काम केले.

पुढील वीस वर्षांत संघाचे स्थान डळमळीत राहिले आणि गोलरक्षकही बदलत राहिले. एप्रिल १९९१ मध्ये गोलरक्षक टोनी कोटन यांना पंचांनी मैदानाबाहेर काढल्यावर आघाडीपटू नायल क्विन यांनी हातमोजे चढवून डर्बी काउंटीची पेनल्टी अडवली. त्याच सामन्यात त्यांनी गोलही केला होता. ३० मे १९९९ रोजी तिसऱ्या श्रेणीतून वर येण्यासाठीच्या वेम्बलीवरील सामन्यात सिटीने जिलिंगहॅमविरुद्ध अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि निर्णायक पेनल्टी फेरीत वीस वर्षांच्या गोलरक्षक निकी वीव्हर यांनी दोन पेनल्टी अडवून संघाला वर नेले. त्या दिवशी पराभव झाला असता, तर क्लबची पुढची वाटचाल फार वेगळी झाली असती, असे समर्थक मानतात.

श्रूसबरी टाउनकडून २००६ मध्ये आलेले जो हार्ट २०१० मध्ये शे गिव्हन यांना मागे टाकून पहिल्या पसंतीचे गोलरक्षक झाले. २०१२ आणि २०१४ च्या लीग विजेतेपदांत त्यांचा मोठा वाटा होता. सर्वाधिक सामन्यांत गोल न स्वीकारल्याबद्दल मिळणारा ‘गोल्डन ग्लोव्ह’ पुरस्कार त्यांनी चार वेळा मिळवला. २०१६ मध्ये व्यवस्थापक पेप गार्डिओला आले. मागून पायाने खेळ उभारणारा गोलरक्षक त्यांना हवा होता आणि हार्ट त्यांच्या योजनेत बसले नाहीत. बार्सिलोनाहून आणलेले क्लाउडिओ ब्राव्हो पासमध्ये सरस असले, तरी गोल अडवण्यात उणे पडले. त्या एका हंगामाने हे दाखवून दिले की पायांचे कौशल्य हातांची जागा घेऊ शकत नाही.

दोन्ही गुण २०१७ मध्ये बेन्फिकाहून आलेल्या ब्राझीलच्या एडरसन यांच्यात एकत्र आले. प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असतानाही ते जवळच्या बचावपटूला शांतपणे चेंडू देत. आणि तेच प्रतिस्पर्धी फार पुढे आले, तर त्यांच्या डोक्यावरून थेट आघाडीपटूपर्यंत लांब पास मारत. ऑगस्ट २०१८ मध्ये हडर्सफील्डविरुद्ध सर्जिओ अग्वेरो यांचा गोल अशाच पासवर झाला. त्यामुळे सिटीला कोंडीत पकडण्यासाठी पुढे येणे प्रत्येक संघाला धोक्याचे वाटू लागले. त्यांच्या काळात क्लबने सहा लीग विजेतेपदे मिळवली. १० जून २०२३ रोजी इस्तंबूल येथे इंटर मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेचा अंतिम सामना १–० असा जिंकताना रोमेलू लुकाकू यांचा जवळून आलेला हेडर त्यांनी अखेरच्या मिनिटांत अडवला. मे २०२४ मध्ये एडरसन जखमी होऊन बाहेर गेल्यावर जर्मन गोलरक्षक श्टेफान ओर्टेगा यांनी टॉटनहॅमच्या सोन ह्युंग-मिन यांचा एकट्याने केलेला हल्ला परतवला आणि त्या बचावाने लीगचे विजेतेपद सिटीच्या हातून निसटू दिले नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात एडरसन तुर्कस्तानच्या फेनरबाहचे संघाकडे गेले. क्लबने बर्नलीहून जेम्स ट्रॅफर्ड यांना परत आणले आणि पाठोपाठ पॅरिस सेंट-जर्मेनहून इटलीचे जानलुइजी डोनारुम्मा यांना घेतले. पायांच्या खेळापेक्षा उंची, पोहोच आणि गोल अडवण्याची ताकद यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डोनारुम्मा यांची निवड गार्डिओला यांच्याच कारकिर्दीत झाली.