'स्लीप टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे रात्रभर झोपलेल्या माणसाकडे बघत बसायचं, बाकी सगळं मशीन करतं'... खरंच असं आहे का?

हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय, आणि बाहेरून बघितलं तर तसं वाटणं साहजिक आहे, कारण झोपेच्या तपासणीत पेशंट झोपलेला असतो आणि ती तपासणी करणारा टेक्नॉलॉजिस्ट स्क्रीनसमोर.

पण आधी सेन्सर लावायचे असतात. नाकाच्या वरच्या खोबणीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजायचं, त्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा करायच्या, त्वचा घासून साफ करायची आणि मग इलेक्ट्रोड चिकटवायचे. हे हाताला बसायलाच बरेच दिवस जातात.

मग रेकॉर्डिंग. ते ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात, म्हणजे ८ तासांचे ९६० तुकडे, आणि प्रत्येकाला झोपेची स्टेज द्यायची. सॉफ्टवेअर मदत करतं, नाही असं नाही, पण समजा नाकाखालचा सेन्सर सरकला तर स्क्रीनवर श्वास थांबल्यासारखी सपाट रेघ दिसते, अशा वेळी छाती-पोटाची हालचाल मोजणारे पट्टे आणि ऑक्सिजन बघून खरं काय ते माणसालाच ओळखावं लागतं. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला तरच मोठ्या माणसात तो ॲप्निया धरतात, आणि तेव्हा छाती हलत होती की नाही यावरून प्रकार ठरतो. माझ्या मते खरं शिक्षण इथेच आहे.

स्वतः तपासायचंय? स्लीप टेक्नॉलॉजीच्या कुठल्याही कोर्सचा सिलॅबस उघडा, त्यात ईसीजी, श्वसनसंस्था, सीपॅपचं (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या मशीनचं) प्रेशर ठरवणं, इमर्जन्सीत सीपीआर, असे विषय दिसतील. आणि हो, निदान डॉक्टरच करतात, टेक्नॉलॉजिस्ट नाही.