हॅम रेडिओ केंद्राची उपसाधने (जुनी यंत्रणा, कोकण किनारा)

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांनी चालवलेला बिनतारी संपर्क. त्याच्या केंद्रात संदेश पाठवणारा प्रेषक आणि ते पकडणारा ग्राही ही मुख्य यंत्रे. त्यांच्याभोवती लागणाऱ्या बाकी सामानाला उपसाधने म्हणतात : मोर्सची चावी, मायक्रोफोन, हेडफोन, एरियल जुळवणारी पेटी, डमी लोड (एरियलऐवजी जोडायचा रोधक), घड्याळ, नोंदवही वगैरे. ‘जुनी यंत्रणा’ म्हणजे येथे व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) जमान्यातली, साधारण १९३० ते १९७० या काळातली. कोकणात अशी यंत्रणा चालवणाऱ्याचा बराच वेळ प्रेषकापेक्षा या किरकोळ सामानावर जातो, कारण खारी हवा आधी त्यालाच लागते.

मायक्रोफोनचे उदाहरण बोलके आहे. अॅस्टॅटिक कंपनीचा डी-१०४ हा १९३० च्या दशकातला प्रसिद्ध टेबल मायक्रोफोन. त्याच्या गोल डोक्यामुळे अमेरिकेत त्याला ‘लॉलीपॉप’ म्हणत. आत रोशेल मिठाचा स्फटिक असतो. आवाजाने तो दाबला गेला की वीज निर्माण होते. पण हे मीठ पाण्यात विरघळते आणि फार दमट हवेत स्वतःच ओल धरते. असा नग रत्नागिरीत दोन-तीन पावसाळ्यांत मुका होऊ शकतो. बाहेरचे क्रोम चकचकीत असते, म्हणून विकत घेणारा फसतो. आतला स्फटिक काढून तेथे सिरॅमिक किंवा डायनॅमिक कॅप्सूल (आवाजाची वीज करणारा, ओलीला न विरघळणारा भाग) बसवणे हाच व्यवहार्य उपाय. मूळ वस्तूच्या भक्तांना तो पटत नाही, हे खरे.

हेडफोनचे दुखणे वेगळे. जुन्या २,००० ओहमच्या हेडफोनमध्ये केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. ओल शिरली की तारेवर हिरवा थर चढतो आणि एके दिवशी तार तुटते. मोर्सच्या चावीचे मात्र कोकणात बरे चालते. चांदीची टोके काळवंडली तर त्यांच्यामध्ये कोऱ्या कागदाची पट्टी धरून ओढली की पुरते. पॉलिश पेपर लावू नये. होरेस मार्टिनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेली व्हायब्रोप्लेक्स ‘बग’ ही अर्धस्वयंचलित चावी. तिच्यात टिंबे लोलकाच्या कंपनाने आपोआप पडतात आणि रेघा हाताने द्याव्या लागतात. लोलकाची पोलादी पट्टी गंजू नये म्हणून तेलाचा हात फिरवत राहावे लागते.

वीजपुरवठ्याशी निगडित उपसाधनांत चालढकल चालत नाही. अमेरिकी यंत्रे ११० ते ११७ व्होल्टची असल्याने २३० व्होल्टसाठी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. पावसाळाभर बंद असलेला संच गणपतीत चाकरमान्याने येऊन थेट चालू केला, तर मेण लावलेल्या कागदाच्या कपॅसिटरांतून वीज गळू लागते, पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर) धन व्होल्टेज जाते आणि तो व्हॉल्व्ह जातो. म्हणून व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवतात, किंवा रेडिओ दुरुस्तीवाल्यांचा जुना सिरीज बल्ब, म्हणजे संचाच्या वाटेत प्रवाह आवरायला जोडलेला दिवा, वापरतात. ८०७ सारख्या प्रेषकातल्या व्हॉल्व्हच्या प्लेटला (आतल्या धन पत्र्याला) सहाशे व्होल्टच्या घरात दाब असतो. यंत्र बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो उरतो. त्यासाठी लाकडी दांड्याला अर्थची तार जोडलेली ‘शॉर्टिंग स्टिक’ टेबलाशी टांगलेली असावी. कुंभारीण माशी संचाच्या भोकांत मातीची घरटी करते आणि पाल ट्रान्सफॉर्मरच्या उबेला येऊन बसते. त्यामुळे झाकण उघडण्याची वेळ येतेच. बंद कपाटात पंधरा वॉटचा दिवा सतत जळत ठेवणे हा ओल घालवण्याचा स्वस्त मार्ग.

दुसऱ्या महायुद्धानंतर विकल्या गेलेल्या विमानी संचांबरोबर डायनामोटर येत असे. बॅटरीवर फिरणारी मोटर आणि त्याच अक्षावर उच्च व्होल्टेज देणारा जनित्र, अशी ती जोडगोळी. बहुतेकांनी ती जड अडगळ म्हणून भंगारात घातली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले आणि वीज-फोन दोन्ही गेले, तशा प्रसंगी डायनामोटर नसेल तर घरातल्या विजेवर चालणारा व्हॉल्व्ह संच निव्वळ शोभेचा ठरतो.

एरियलची बाब कोकणाला अनुकूल आहे. ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी अर्धतरंगी (लहरीच्या निम्म्या लांबीची) तार सुमारे २० मीटर लांब लागते आणि दोन माडांमध्ये ती सहज मावते. मात्र वाऱ्याने माड डुलतात, तार ताणून तुटते. म्हणून एका टोकाला कप्पी आणि दगडाचे वजन लावतात. पाडेली (नारळ पाडणारा) माडावर चढलाच आहे तर कप्पीही लावून घेतात. दोर सुंभाचा नको, मासेमारीचा नायलॉनचा बरा. चिनीमातीच्या अंड्यासारख्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. पहिल्या मोठ्या पावसाने तो धुऊन जातो. एरियलची केबल जोडणारा पीएल-२५९ कनेक्टर स्वतः जलरोधक नसतो. टेप न गुंडाळल्यास पाणी केबलच्या जाळीतून आत खेचले जाते. कौलारू घरात माळ्यावरही एरियल ताणता येते, पत्र्याच्या छपराखाली नाही. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नसल्याने अर्थ कमकुवत असतो. कोळसा-मीठ घालून खड्डा भरतात. उलट समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता प्रति मीटर ४ ते ५ सीमेन्स, म्हणजे कोरड्या खडकाळ जमिनीच्या हजारपटीहून अधिक. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या उभ्या एरियलची लहर क्षितिजालगत पश्चिमेकडे दूरवर पोहोचते. मे महिन्यातल्या वळवाच्या विजांसाठी एरियल अर्थला जोडणारा चाकू-स्विच दाराशीच हवा.

प्रेषक जुळवताना हवेत लहरी सोडू नयेत म्हणून डमी लोड वापरतात. हीथकिट या अमेरिकी कंपनीचा ‘कँटेना’ म्हणजे तेलाच्या डब्यात बुडवलेला ५० ओहमचा रोधक. आपल्याकडे शंभर वॉटचा दिवा लावून काम भागवीत. तापला की त्याचा रोध बदलतो, त्यामुळे मापन ढोबळच.

घड्याळ चोवीस तासांचे आणि जागतिक वेळेचे लागते. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करावे लागतात. नोंदवहीतली तारीख त्यामुळे सकाळी साडेपाचला बदलते. संपर्काची खूण म्हणून टपालाने येणारी क्यूएसएल कार्डे भिंतीवर लावायची पद्धत आहे, पण कोकणात त्यांना बुरशी येते. ती पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात आणि दिवाळीनंतर उन्हात पसरतात.