विकृती

मूळ किंवा नेहमीच्या रूपापासून ढळलेली अवस्था, बिघाड. आजच्या मराठीत हा शब्द जवळजवळ शिवीच्या घरात जाऊन बसला आहे. एखाद्याला ‘विकृत’ म्हटले की पुढे काही बोलायला उरत नाही. संस्कृतात मात्र त्याच्यावर असा ठपका नव्हता.

‘कृ’ म्हणजे करणे. या धातूला ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘ति’ हा प्रत्यय लागून ‘विकृति’ होते. त्याच धातूतून प्रकृती, आकृती आणि संस्कृतीही आल्या. ‘वि’ इथे वेगळेपणा दाखवतो, म्हणजे विकृती हे मुळाहून वेगळे झालेले रूप. दुधाचे दही होते तसे. सांख्यदर्शनात, म्हणजे सारे जग मूळ प्रकृतीतून उलगडते असे मानणाऱ्या तत्त्वज्ञानात, मूळ प्रकृती कशाचीच विकृती नाही. महत् (बुद्धी), अहंकार व पाच तन्मात्रे (शब्द, स्पर्श वगैरे सूक्ष्म तत्त्वे) ही सात तत्त्वे मात्र एकाच वेळी आधीच्याची विकृती आणि पुढच्याची प्रकृती असतात. यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांकडे दर्शपूर्णमास हा अमावास्या-पौर्णिमेचा याग म्हणजे प्रकृतियाग, नमुन्याचा याग. त्याच्या साच्यावर बेतलेल्या इष्टी, म्हणजे छोटे याग, या विकृती. त्यांच्यात वेगळे असेल तेवढेच सांगायचे, बाकी सगळे प्रकृतीप्रमाणे.

सर्वांत नवल वेदपठणाचे. संहिता (सलग मंत्र), पद (सुटी पदे) आणि क्रम (दोन-दोन पदांच्या जोड्या) हे प्रकृतिपाठ. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ व घन हे आठ विकृतिपाठ. जटेत पदांचा क्रम एक-दोन, दोन-एक, एक-दोन असा उलटसुलट फिरतो. घनात त्याला तिसरे पद जोडून तिन्ही पदे सरळ, उलट आणि पुन्हा सरळ म्हटली जातात. मंत्रातला एक स्वरही ढळू नये म्हणून ही खटपट. मूळ जपण्याचे काम इथे विकृतीच करते! घनपाठी ही मानाची उपाधी आहे ती यामुळेच.

संगीतातही तिला कमीपणा नाही. कोमल रे, ग, ध, नी आणि तीव्र म हे पाच विकृत स्वर. सा आणि प अचल. विकृत स्वर वगळले तर भैरव उरणार नाही, यमनही नाही.

दोषाचा अर्थ मुख्यतः वैद्यकातून बळावला असावा. चरकसंहितेत शरीर धारण करणाऱ्या धातूंचे वैषम्य, म्हणजे असमतोल, म्हणजे विकार आणि साम्य म्हणजे प्रकृती. मराठी माणूस अजून ‘प्रकृती कशी आहे?’ असेच विचारतो, आणि हृदयविकारात ‘विकार’ आजाराच्या अर्थाने टिकून आहे. शाळेच्या व्याकरणातला ‘विकारी शब्द’ मात्र निर्दोष राहिला: नाम, सर्वनाम, विशेषण व क्रियापद यांची रूपे बदलतात, एवढेच. रोगाने शरीरात होणाऱ्या बदलांच्या शास्त्रालाही मराठीत विकृतिविज्ञान म्हणतात.

साठ संवत्सरांपैकी चोविसाव्याचे नाव विकृती आहे. महाराष्ट्रातल्या पंचांगांत ते शके १९३२ मध्ये, म्हणजे २०१०च्या पाडव्याला लागले होते.