बर्डीवर लॅपटॉप घेण्याआधी: छोट्या बिझनेस लॅपटॉपची पार्श्वभूमी

नागपूरच्या सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांत साडेबारा-तेरा इंची काळे-करडे लॅपटॉप काउंटरवर थप्पी लावून ठेवलेले दिसतात. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेला हा माल. हायकोर्टाच्या खंडपीठात प्रॅक्टिस करणारे वकील, कर सल्लागार, चंद्रपूर-यवतमाळचे दौरे करणारे सर्व्हेअर, ज्यांचं काम बॅगेतून चालतं अशांना तो सोयीचा पडतो. वरवर पाहता सगळे सारखेच. एका वर्षाचं मॉडेल आणि पुढच्या वर्षाचं मॉडेल यांत मात्र कधीकधी जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो समजायला या यंत्राचा इतिहास उपयोगी पडतो.

सुरुवात १९८०च्या दशकाच्या तोंडाशी झाली. एप्सन एचएक्स-२० हा ए-४ कागदाएवढा, सुमारे १.६ किलोंचा संगणक होता. पडद्यावर वीस अक्षरांच्या चार ओळी मावत. १९८२मध्ये ग्रिड कंपास आला. बिल मॉग्रिज यांनी त्याला पडदा कीबोर्डावर मिटण्याची रचना दिली, जी आजही प्रत्येक लॅपटॉपला आहे. मॅग्नेशियमची बॉडी, किंमत ८,१५० डॉलर. नासाने तो अंतराळयानात नेला. म्हणजे घराबाहेर, धक्के खात, चोख काम करणाऱ्यासाठी बनवलेलं यंत्र ही कल्पना पहिल्या दिवसापासून होती. घरगुती लॅपटॉपची वाट पुढे वेगळी झाली.

१९९२च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमचा थिंकपॅड ७००सी आला. रिचर्ड सॅपर यांचं काळं चौकोनी डिझाइन, जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेचं इंजिनिअरिंग आणि कीबोर्डाच्या मधोमध टेड सेल्कर यांनी विकसित केलेली लाल टोपीची ट्रॅकपॉइंट. बोटं कीबोर्डावरून न हलवता कर्सर फिरवता यावा हा तिचा हेतू. दिवसभर याचिका आणि शपथपत्रं टाइप करणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. यंत्र हलकं करण्याचा ध्यास जपानमध्ये सर्वांत जास्त होता. तोशिबा, सोनी, पॅनासोनिक तिथे एकमेकांशी चुरस करत होते. आयबीएमने १९९६मध्ये दोन किलोंच्या आतला थिंकपॅड ५६० आणला आणि २०००मध्ये एक्स मालिका सुरू केली. बर्डीवर आज जे दिसतं, त्याचं घराणं हे.

भारतात हे यंत्र सामान्य व्यावसायिकाच्या हातात यायला वेळ लागला. १९९७मध्ये आपण जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झालो आणि २००५पर्यंत संगणकांवरचं आयात शुल्क शून्यावर आलं. मधल्या काळात, मार्च २००३मध्ये, इंटेलने सेंट्रिनो आणलं. कमी वीज खाणारा पेंटियम एम प्रोसेसर आणि आतच बसवलेलं वायफाय यांमुळे चार्जर सोडून काही तास काम करता येऊ लागलं. विदर्भ तेव्हा भारनियमनाने हैराण होता, त्यामुळे इथे बॅटरीचा अर्थ प्रवासापुरता नव्हता. दिवे गेल्यावरही काम चालू राही. मे २००५मध्ये आयबीएमचा हा व्यवसाय लेनोव्होकडे गेला. एक्स मालिका चालूच राहिली.

पुढची दहा-बारा वर्षं नीट पाहायला हवीत, कारण जुन्या बाजारातल्या निवडीवर त्यांचा ठसा आहे. २००७च्या आसूस ई पीसीपासून नेटबुकची लाट आली: स्वस्त, इवलासा, पण कीबोर्ड आखडलेला आणि वेग मंद. ‘छोटा लॅपटॉप म्हणजे कमजोर’ हा समज तेव्हाच घट्ट झाला आणि आजही दुकानात ऐकू येतो. बिझनेस वर्गातल्या छोट्या यंत्रांवर तो अन्याय आहे. लगेच २००८मध्ये मॅकबुक एअर आला, २०११मध्ये इंटेलने अल्ट्राबुकचा धोशा लावला, आणि सगळ्यांनाच पातळ व्हायची घाई झाली.

२०११चा थिंकपॅड एक्स२२० उलटा करून पाहा. बॅटरी खटका सरकवून हातात येते. खालचं एक झाकण काढलं की रॅमचे, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या मेमरीचे, दोन स्लॉट समोर. पण त्याचा प्रोसेसर ३५ वॉटचा, म्हणजे जास्त वीज खाणारा आणि तापणारा, पंखा सतत घोंगावणारा. २०१३च्या एक्स२४०मध्ये प्रोसेसर १५ वॉटवर आला, रॅमचा एक स्लॉट गेला. मोबदल्यात आत एक बॅटरी आणि बाहेर एक अशी सोय मिळाली, त्यामुळे लॅपटॉप बंद न करता बाहेरची बॅटरी बदलता येई. ही सोय २०१७च्या एक्स२७०पर्यंत टिकली. २०१८च्या एक्स२८०मध्ये दोन्ही गेलं: बॅटरी आत बंद, रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली. त्यात आठ जीबी असेल तर शेवटपर्यंत आठच. माझ्या मते त्या काळात ग्राहकाचं झालेलं हे सर्वांत मोठं नुकसान आहे, आणि जाहिरातीत ते ‘अधिक पातळ’ या दोन शब्दांत झाकलं गेलं.

गोम अशी की, त्याच सुमारास दोन चांगल्या गोष्टीही घडल्या. २०१७च्या उत्तरार्धात इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीने १५ वॉटमध्येच दोनऐवजी चार कोअर, म्हणजे प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दिले. आणि पुढे विंडोज ११ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने मोजके अपवाद सोडता इंटेल प्रोसेसरसाठी किमान रेषा याच पिढीवर आखली. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा एक्स२७० कितीही सुबक असला तरी विंडोजऐवजी लिनक्स वापरणार असाल तरच घ्या. विंडोजवर काम असेल तर आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. त्याच वर्गात डेल लॅटिट्यूड ७२९०ला रॅमचा एक स्लॉट आहे, एचपी एलिटबुक ८३० जी५ला दोन. माझा कल त्यामुळे या दोघांकडे आहे.

यात नागपूरची गरमी धरायलाच हवी. २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ३५ अंश दिलेली असते, आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत, त्यातही पूर्ण चार्ज अवस्थेत, लवकर म्हातारी होते. म्हणून इथे १५ वॉटचा प्रोसेसर ही चैन नव्हे, गरज आहे. उन्हाळ्यात लॅपटॉप बंद गाडीत ठेवू नये, आणि टेबलावर सतत चार्जरला लावलेला असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सेटिंग करावी. लेनोव्हो, डेल, एचपी तिघांच्याही बिझनेस मॉडेलमध्ये अशी सेटिंग मिळते.

पडद्याचीही एक कथा आहे. जुने पडदे उंच होते. २०१०च्या आसपास सिनेमाला सोयीचा १६:९ (रुंदी:उंची) आकार सगळीकडे आला आणि २०२१च्या सुमारास बिझनेस लॅपटॉप पुन्हा थोड्या उंच १६:१०वर परतले. ई-फायलिंगची पीडीएफ वाचताना पानाच्या त्या चार ओळी जास्त दिसणं फार मोलाचं. पडदा मॅट हवा. खिडकीतून येणाऱ्या वैदर्भीय उन्हात चकचकीत पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो.

मराठीची अडचण आता राहिलेली नाही. विंडोज २०००पासून युनिकोड देवनागरीची सोय विंडोजसोबतच येते. जुन्या श्री-लिपीतल्या (युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या) फाइली असतील तर मात्र त्यांचं रूपांतर नवा लॅपटॉप घेण्याआधीच करून ठेवा.

दुकानात वेळ द्यावा तो तीन गोष्टींना. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा आणि मूळ क्षमता व सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी ठेवून पाहा. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग, उघडून दाखवायला सांगा. जुन्या कंपनीचा पासवर्ड तसाच असेल तर तो लॅपटॉप परत ठेवा. आणि एक पान स्वतः टाइप करा, मराठीत. व्यवसायाच्या नावाने जीएसटी क्रमांकासह बिल घेतलं तर नव्या लॅपटॉपवरच्या १८ टक्के कराचं क्रेडिट नियमाप्रमाणे मिळतं, म्हणून नवा आणि जुना यांतली खरी तफावत काढताना ते धरा.

नवा घेणाऱ्यांसाठी वारं जरा फिरलंय. २०२४च्या थिंकपॅड टी१४ जेन ५मध्ये रॅमचे दोन स्लॉट परत आले आणि बॅटरी बदलणं सोपं झालं. युरोपीय संघाच्या बॅटरी कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता यावी लागेल. कंपन्या जगभर साधारण एकच मॉडेल विकतात, त्यामुळे त्याचा फायदा इथेही पोहोचण्याची शक्यता मोठी आहे. ज्यांचा सध्याचा लॅपटॉप विंडोज ११ चालवतो आणि फक्त बॅटरी थकली आहे, त्यांनी नवी बॅटरी टाकून तोपर्यंत थांबायला हरकत नाही.