डेमरेज आणि डिटेन्शन: उशीर एक, मीटर दोन

पहिल्यांदा इम्पोर्ट करणाऱ्याला मालाचं बिल कळतं, ड्युटी कळते, फ्रेटही कळतं, पण सीएचएकडून, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटकडून, शेवटचा हिशोब आला की त्यात दोन आकडे असे निघतात की माणूस चक्रावतो, एक डेमरेज आणि दुसरं डिटेन्शन, दोन्ही दिवसावर, दोन्ही उशीर झाला म्हणून, मग तो साहजिकच विचारतो की अहो एकाच उशिराचे दोनदा पैसे कसे काय घेता. खरं सांगायचं तर बऱ्याचदा दोनदाच घेतात. फक्त घेणारे वेगळे आणि कशाबद्दल घेतात तेही वेगळं.

लग्नाचं बघा ना, कार्यालय वेळेत रिकामं केलं नाही तर कार्यालयवाला जादा भाडं लावणार आणि भाड्याने आणलेली पातेली-खुर्च्या वेळेत परत गेल्या नाहीत तर मंडपवाला लावणार, वऱ्हाड उशिरा निघालं याच्याशी दोघांनाही घेणंदेणं नाही. डेमरेज म्हणजे जागा अडवल्याचे पैसे, डिटेन्शन म्हणजे डबा, म्हणजे कंटेनर, अडकवल्याचे. कंटेनर तुमचा नसतोच, तो शिपिंग लाइनचा असतो किंवा लाइनने लीजवर घेतलेला असतो, तुम्हाला मालापुरता वापरायला दिलाय एवढंच.

पुस्तकात हे फार सोपं असतं. भरलेला कंटेनर बंदरातल्या टर्मिनलच्या आत फ्री डेज म्हणजे बिनभाड्याचे दिवस संपल्यावरही पडून राहिला तर डेमरेज, आणि गेटमधून बाहेर पडून गोडाऊनला खाली होऊन एम्प्टी, म्हणजे रिकामा डबा, यार्डात परत यायला जास्त दिवस लागले तर डिटेन्शन. गेटच्या आत एक, गेटच्या बाहेर दुसरं. या पद्धतीत बाहेर पडल्यावर डिटेन्शनचे फ्री डेज नव्याने मोजायला सुरुवात होते.

मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात मात्र असं सरळ चालत नाही आणि सगळा गोंधळ इथेच आहे. आपल्याकडे बहुतेक लाइन्स दोन मीटर ठेवतच नाहीत, कंटेनर जहाजावरून उतरला की मीटर चालू आणि एम्प्टी परत दिला की बंद, त्या सगळ्याला नाव एकच, डिटेन्शन. आणि जागेचं भाडं टर्मिनल किंवा सीएफएस (बंदराबाहेरचं यार्ड, जिथे कस्टम्सचं काम होऊन माल सुटतो) स्वतःचं वेगळं लावतं, बिलावर ग्राउंड रेंट लिहिलेलं असतं पण बोलताना सगळे त्याला डेमरेजच म्हणतात. म्हणजे कंटेनर आत उभा असताना दोन्ही मीटर एकदम पळतात.

समजा कंटेनर १ तारखेला उतरला, लाइनने ७ दिवस फ्री दिलेत. ३ तारखेला तो उरण-द्रोणागिरीकडच्या कुठल्यातरी सीएफएसला गेला, तिथे ३ दिवस फ्री. पेपर अडकले, आउट ऑफ चार्ज म्हणजे कस्टम्सची माल सोडायची परवानगी मिळून माल बाहेर पडला १० तारखेला, एम्प्टी परत गेला १३ ला. सीएफएसचं भाडं ६ ते १०, पाच दिवस. लाइनचं डिटेन्शन ८ ते १३, सहा दिवस. ८, ९, १० हे तीन दिवस दोघांनीही लावले आणि दोघांच्याही हिशोबात काही चूक नाही! वर दर स्लॅबने चढतात, पहिले काही दिवस कमी मग दुप्पट-तिप्पट, लाइनचा दर बऱ्याचदा डॉलरमध्ये आणि डॉलरचा भाव लाइन सांगेल तो. रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा डबा असेल तर विचारूच नका, डब्याचा दर जास्त आणि प्लगिंगचं म्हणजे विजेचं बिल वेगळं.

हा फरक माहीत असण्याचा उपयोग असा की उपाय वेगळे आहेत. जागेचं भाडं कमी करायचं तर कागद आधी हलवावे लागतात, जहाज यायच्या आधी बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा मालाचा अर्ज), डीओचे म्हणजे लाइनच्या डिलिव्हरी ऑर्डरचे पैसे तयार, आणि डीपीडी म्हणजे पोर्टवरूनच थेट डिलिव्हरी मिळत असेल तर सीएफएसचा फेराच टळतो. डिटेन्शन मात्र तुमच्या गोडाऊनच्या दारात वाढतं, हमाल नाहीत, जागा नाही, ट्रेलरवाला दुसऱ्या फेरीला गेला. आणि एम्प्टी वेळेत नेऊनही कधी लाइनने सांगितलेलं यार्ड फुल असतं, ते म्हणतात उद्या या किंवा दुसऱ्या यार्डाला न्या, ट्रेलर रांगेत आणि मीटर चालूच. अशा वेळी ट्रेलर परत पाठवल्याचा मेल त्याच दिवशी लाइनला टाकून ठेवा, नंतर तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

आता उशीर तुमचा नसेल तर? २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला लागली, प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला, पण नुसतं लांबणं हा प्रॉब्लेम नव्हता, शेड्यूल फिस्कटलं की वेगवेगळ्या आठवड्यांची जहाजं एकाच वेळी पोर्टवर येतात, मग तुम्ही अंतर ठेवून मागवलेले चार कंटेनर एकदम उतरतात आणि गोडाऊन दिवसाला एकच खाली करू शकतं. उरलेल्या तिघांचं भाडं तुम्हीच भरायचं.

कस्टम्सने माल रोखला असेल तर निदान नियम तरी आहेत, आणि तेही दोन वेगळे. सीएफएस किंवा टर्मिनलने कस्टम्सने अडवलेल्या मालावर भाडं घेऊ नये हे २००९ च्या नियमावलीत आहे, तर लाइनने डिटेन्शन घेऊ नये हे २०१८ च्या सागरी मॅनिफेस्टच्या (जहाजावरच्या मालाच्या यादीच्या) नियमांत. त्यासाठी कस्टम्सकडून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. बरेच जण एक सर्टिफिकेट सीएफएसला दाखवून खूश होतात आणि लाइनचं बिल निमूट भरतात. अर्थात लाइन लगेच मानते असं नाही, आमचा करार तुमच्याशी आहे कस्टम्सशी नाही असं त्यांचं म्हणणं असतं आणि प्रकरणं कोर्टापर्यंत जातात.

एक्सपोर्टला मीटर उलटा, एम्प्टी उचलल्यापासून भरून पोर्टला गेट-इन होईपर्यंत डिटेन्शन आणि पोर्टवर जहाजाची वाट बघत उभा राहिला तर जागेचं भाडं. नाशिकचा कांदा घ्या, ऑगस्ट २०२३ मध्ये अचानक ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी, असं झालं की ज्याचा डबा भरून पोर्टकडे निघालाय त्याला ना पुढे जाता येतं ना डबा परत देता येतो.

अमेरिकेत या बिलांचा फारच अतिरेक झाला, २०२१-२२ च्या कोंडीत पोर्टच जाम आणि दंड मात्र इम्पोर्टरला. तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशनने २०२० मध्येच म्हटलं होतं की हे चार्जेस माल लवकर हलावा म्हणून आहेत, हलवणं शक्यच नसेल तर त्यांना अर्थ काय. २०२२ च्या कायद्यानंतर बिलाचे नियम कडक झाले आणि मे २०२४ पासून बिल ३० दिवसांत द्यावं लागतं, फ्री टाइम कधी सुरू आणि कधी संपला हे त्यावर लिहावं लागतं. मला हे पटतं, कारण माणूस डबा परत द्यायला तयार असताना मीटर चालू ठेवणं ही शिस्त नाही, कमाई आहे.

बुकिंगच्या आधी फॉरवर्डरला, म्हणजे लाइनकडे बुकिंग करून देणाऱ्या एजंटला, विचारायचं ते हे: फ्री डेज किती, उतरल्यापासून की गेट-आउटपासून, एम्प्टी परत द्यायचे दिवस धरून की ते वेगळे, आणि एम्प्टी कुठल्या यार्डाला. सात ऐवजी चौदा दिवस बुकिंगच्या वेळी मागितले तर पुष्कळदा फुकट मिळतात. आणि ते बिल ऑफ लेडिंगवर (लाइनने दिलेल्या मालाच्या पावतीवर) किंवा निदान मेलवर आलेत का ते बघा, सेल्समनच्या व्हॉट्सअॅपवर नव्हे.