दोन सुतार आणि वठलेली झाडं

आजीच्या घरी सिंगरचं शिवणयंत्र असायचं ना, त्याच कंपनीच्या मालकीचं अमेरिकेत लुइझियाना राज्यात एक मोठं जंगल होतं. यंत्रांच्या पेट्यांना ओकचं लाकूड हवं म्हणून घेतलेलं. हस्तिदंती चोचीचा सुतार पक्षी निर्विवादपणे शेवटचा दिसला तो तिथे, 1944 साली. त्याचा थोरला भाऊबंद म्हणजे मेक्सिकोच्या सिएरा माद्रे डोंगरातला इम्पीरियल सुतार. जवळजवळ दोन फुटी, जगातला सर्वांत मोठा. त्याची चित्रफीत एकच आहे, 1956 ची, 85 सेकंदांची, एका दंतवैद्याने खेचरावर बसून घेतलेली.

एक दलदलीतला, दुसरा उंचावरच्या पाइनच्या रानातला. तरी दोघांवर एकच पाळी आली, ती पोटामुळे. दोघांची प्रजाती कॅम्पेफिलस, म्हणजे अळ्यांचा शौकीन! म्हातारं झाड वठलं की भुंगेरे त्याच्या सालीत अंडी घालतात. साल तेव्हा खोडाला घट्ट धरून असते. तिच्यावर नुसतं ठोकून भागत नाही, पटाशी घालून उचकटावी लागते, आणि यांची चोच म्हणजे पटाशीच. पण दोन-तीन वर्षांत साल सुटते, अळ्या संपतात, खानावळ बंद. म्हणजे रानात सतत कुठलं ना कुठलं जुनं झाड नव्याने मरत राहायला हवं. पक्षी-अभ्यासक जेम्स टॅनर यांनी 1930 च्या दशकात हिशेब मांडला: हस्तिदंती सुताराच्या एका जोडीला सुमारे 15 चौरस किलोमीटर जंगल लागतं, तेवढ्यात पायलिएटेड नावाच्या दुसऱ्या सुतार पक्ष्याच्या 36 जोड्या मावतात. पायलिएटेड कुजक्या लाकडातल्या मुंग्यांवरही भागवतो. तो आजही मजेत आहे.

लाकूडतोड्यांची नजर आधी जुन्या झाडांवरच जाते. त्यात इम्पीरियलची मांसासाठी आणि औषधासाठीही शिकार झाली. मांडुळाचं आपण काय करून ठेवलंय ते आठवलं, तर मेक्सिकोला हसायची सोय नाही.

धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत आज दोघेही 'अतिसंकटग्रस्त'. 2005 साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात हस्तिदंती सुतार सापडल्याची घोषणा झाली. मुख्य पुरावा चार सेकंदांची धूसर फीत. मला ती पटली नाही, पायलिएटेडचे पंखही काळे-पांढरेच. अमेरिकी सरकारने 2021 मध्ये त्याला नामशेष ठरवायचा प्रस्ताव मांडला. 2023 मध्ये सरकारच्या संकटग्रस्त यादीतल्या 21 जातींवर तो शिक्का बसला, याच्यावर नाही.

2010 मध्ये काही संशोधक इम्पीरियलची ती फीत हाताशी धरून डुरांगोच्या डोंगरात गेले. चित्रीकरणाची जागा त्यांना सापडली. फितीतले ते थोराड पाइन मात्र बहुतेक तोडून नेलेले होते.